रेषेबाहेर नखभर

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी कारखान्यात पाऊल टाकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या टेबलावर माझा कॉम्प्युटर नव्हता. त्याच्या जागी एक नवा, चकचकीत, पाटीएवढा पातळ कॉम्प्युटर, आणि शेजारी भाऊजी हात मागे बांधून उभे.

"वहिनी, जुना काल संध्याकाळी गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, आता नाही उठायचा. म्हणून सकाळीच हा घेऊन आलो. म्हटलं, तुमचं काम अडायला नको."

माझं काम अडायला नको! मला एक फोन करायला यांची बोटं झिजत होती का? आमचे हे गेले तेव्हाच दिराशी बोलणं झालं होतं, की बाहेरचं भाऊजींनी बघायचं आणि आतलं मी. कॉम्प्युटर आतला आहे. तो माझ्या टेबलावर असतो, म्हणजे आतलाच आहे.

पुढचं ऐकून तर मी खुर्चीतच बसले. आमचा पावलांचा प्रोग्राम या नव्यावर चालत नाही. याची ऑपरेटिंग सिस्टीमच वेगळी. भाऊजींनी प्रोग्रामची जुनी तबकडी घातली तर 'हा प्रोग्राम इथे उघडता येत नाही' एवढं एक वाक्य दाखवून ते यंत्र गप्प. दुकानदार म्हणे म्हणाला, ही सिस्टीम जास्त टिकते. टिकेल ना! काहीच करायचं नसेल तर दगडही टिकतो.

त्या प्रोग्राममध्ये चारशे बारा माणसांची पावलं आहेत. बाजारातला बूट ज्यांना चालत नाही अशी. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं कापलेली, कुणाचं पाऊल साखरेच्या आजाराने बधिर झालेलं. प्रत्येकाच्या पायाशी बसून मी स्वतः माप घेतलंय. प्रोग्राम त्या मापावरून तळाची आकृती काढतो, मी ती कागदावर छापते, कागदावरून कापते, आणि माझ्या कापावरून शिलाईमास्तर साचा भरून बूट शिवतात. कागद चुकला की साचा चुकतो, साचा चुकला की बूट, आणि बूट चुकला की पाय. हे दुकानदाराला कोण सांगणार?

मापांची फाइल जुन्या यंत्रातून काढता आली, तेवढं नशीब. पण उघडायला काही नाही. किल्ली गेली आणि कुलूप हातात राहिलं, असा प्रकार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. त्या नंबरावर आता एक पलंग विकणारा बोलतो. कंपनी सहा वर्षांपूर्वी बंद झाली. आजही लोक कंपनी समजून त्यालाच फोन करतात, असं तो वर मलाच वैतागून म्हणाला. मग दुहेरी पलंग हवाय का विचारलं. मी ठेवून दिला.

चौदा वर्षं माणसांची पावलं ज्यांच्या भरवशावर ठेवली, ते दिवा मालवून निघून गेले आणि जाताना हाकही मारली नाही. याला काय म्हणायचं?

१५ फेब्रुवारी, शनिवार

बहिणीच्या मुलीला बोलावलं. ती कॉलेजात कॉम्प्युटरची प्रयोगशाळा सांभाळते. लहानपणापासून हुशार, पण बोलण्यात एक मऊपणा आहे जो मला चिडवतो. मी ओरडले तरी ती ओरडत नाही. माणसाने भांडायचं तरी कसं?

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "दोन रस्ते आहेत मावशी. एक तर नवीन प्रोग्राम घ्यायचा. पण तो तुझी जुनी फाइल वाचणार नाही. चारशे बारा माणसांना परत बोलवावं लागेल."

"आणि दुसरा?"

"दुभाष्या बसवायचा. तुझा प्रोग्राम एकच भाषा बोलतो. फाइल उघड, रेष काढ, कागद छाप, हे सगळं तो जुन्या सिस्टीमच्या भाषेत मागतो. नवीला ती भाषा येत नाही. मधला दुभाष्या प्रत्येक मागणी ऐकतो, नवीला तिच्या भाषेत सांगतो, आणि उत्तर आणून देतो. प्रोग्रामला कळतसुद्धा नाही. त्याला वाटतं आपण जुन्याच घरात आहोत."

"म्हणजे त्या बिचाऱ्याला फसवायचं."

"फसवायचं नाही गं. त्याला त्याच्या सवयीप्रमाणे राहू द्यायचं, आणि आपण आजूबाजूने सांभाळून घ्यायचं."

यावर भाऊजींनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी भाऊजींकडे पाहिलं, आणि दोघंही हसू दाबून कामाला लागले. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मला हा प्रकार पटत नाही. पण चारशे बारा माणसांना परत बोलावण्यापेक्षा बरा. बसव म्हटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चाललं! तोच करडा पडदा, तीच निळी बटणं. अक्षरं जरा दात पडल्यासारखी दिसतात, आणि प्रोग्राम उघडायला दोन घोट चहा होईल एवढा वेळ लागतो. पण माझी पावलं सगळी जागच्या जागी आहेत. चारशे बाराही मोजली. मला जरा भरून आलं, ते भाचीला दिसू दिलं नाही.

जाताना ती म्हणाली, "मावशी, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात प्रोग्राम एक चौकोन छापतो ना, दहा बाय दहा सेंटिमीटरचा? तो एकदा पट्टीने मोजून घे. सिस्टीम बदलली की छपाईचं माप हलू शकतं."

मी म्हटलं, "तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून मी कातडं कापतेय. चौदा वर्षांत त्या चौकोनाकडे ढुंकून पाहिलं नाही."

तिने पट्टी टेबलावर ठेवली आणि गेली. हा पण एक टोमणाच.

लगेच पोस्टमनचं पाऊल छापलं. त्याचे बूट या महिन्यात द्यायचे आहेत. कागद कातड्यावर ठेवला आणि सुरी फिरवली. रेषेबाहेर पुढे नखभर, टाचेला नखभर, बाजूंना केसभर. कातड्याला श्वास घ्यायला एवढी जागा लागते. हे कुठल्या प्रोग्रामला शिकवता येत नाही आणि कुठल्या दुभाष्याला सांगता येत नाही. ते हाताला कळतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज मास्तरांना काय सुचलं कोण जाणे. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. पोस्टमनच्या नव्या बुटात त्यांनी त्याचा गेल्या वर्षीचा, नमुन्यासाठी ठेवून घेतलेला सुखतळा घालून पाहिला आणि मला बोलावलं.

"बाई, हलतोय."

"हलणारच. वर्षभर घामात भिजून वाळलाय तो. कातडं आटतं, हे तुम्हाला मी सांगायचं?"

"आटतं, पण एवढं?"

"त्या माणसाला रोज दहा मैल चालावं लागतं. त्याचं एवढं आटतं."

मास्तरांनी टाके घालायला घेतले. वयाप्रमाणे आता जरा जास्त शंका घ्यायला लागलेत.

३ मार्च, सोमवार

पोस्टमन बूट न्यायला आला. अकरा वर्षं येतोय. डाव्या पायाची धाकटी दोन बोटं आमच्याकडे यायच्या आधीच गेलेली, आणि दोन्ही तळपाय बधिर. टाचणी टोचली तरी कळत नाही. तरी बावीस वर्षं तीच फेरी पायी करतोय. सायकल देत होते, घेतली नाही. म्हणतो, "ताई, सायकलवरून पत्र टाकलं की ते नुसतं पडतं. चालत गेलं की पोचतं."

बूट घातले, चार पावलं चालला, म्हणाला, "झकास. नेहमीसारखे." त्याला काय कळणार, पाय बधिर. पण मला बरं वाटलं. जाताना त्याने जुने बूटही पिशवीत घालून नेले. आमचा जुना बूट कुणी टाकत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

शाळेतल्या एका मुलीची आई आली. बूट सैल होतात म्हणे. मी म्हटलं, वाढतं वय आहे, दोन महिन्यांत बसतील. तर म्हणते, "पण आधीचे तर पहिल्या दिवसापासून बसायचे." आधीचे, आधीचे! मुलगी आधीची राहिली आहे का?

१९ मार्च, बुधवार

मास्तरांचं 'हलतोय' धरलं तर आता तिसरी तक्रार. निवृत्त बँकवाले गृहस्थ, एक पाय आखूड. दोन मोजे घातले की बूट बसतो म्हणाले. एवढ्या सभ्यपणे म्हणाले की मला जास्तच लागलं.

तीन जण खोटं बोलणार नाहीत, आणि माझा हात चौदा वर्षांत चुकलेला नाही. मग उरलं कोण? तो दुभाष्या. निरोप्या मधे आला की निरोप बदलतो, हे काय आजचं आहे? प्रोग्राम सांगतो एक, तो पलीकडे सांगतो दुसरं, आणि आम्ही बसलोय विश्वास ठेवून. मी भाऊजींना म्हटलंच, घरातल्या माणसाने बसवून दिलं म्हणून आपण तपासलं नाही. भाऊजी म्हणाले, "मग फोन करा ना तिला." मी केला नाही. आधी मला तिच्या तोंडावर टाकायला भक्कम काहीतरी हवं होतं.

२५ मार्च, मंगळवार

भक्कम मिळालं. देवा, असं नको होतं.

दवाखान्यातून मलमपट्टीच्या नर्सचा फोन आला. पोस्टमनच्या डाव्या अंगठ्याला जखम आहे, पार आतपर्यंत गेलेली. तिनेच बूट तपासला. पाऊल आत पुढेमागे सरकतं, घासतं, म्हणाली. माणसाला दुखत नाही म्हणून तो चालत राहिला. किती दिवस, ते त्यालाही सांगता येईना. मोज्याला रक्त लागलेलं बायकोने धुताना पाहिलं.

"तुमच्याकडचे बूट आम्ही डोळे मिटून लिहून देतो," नर्स म्हणाली. ओरडली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं.

दहा दिवस बघतील. भरलं तर भरलं. नाहीतर अंगठा, आणि वर चढलं तर पाऊल.

लगेच भाचीला फोन लावला. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, एकच लिहिते, कारण ते मला आत्ताही ऐकू येतंय. मी म्हटलं, "तुझ्या दुभाष्याने एका माणसाचा पाय खाल्ला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मला आता सांगू नकोस." ती म्हणाली, "परवा येते मावशी. तोवर काही छापू नकोस." तेवढंच.

२७ मार्च, गुरुवार

जसं झालं तसं लिहून ठेवते.

भाची कॉलेजातून थेट आली. बसली नाही, चहाही घेतला नाही. पडद्यावर पोस्टमनचं डावं पाऊल उघडलं. लांबी दोनशे चौसष्ट मिलिमीटर. मग फेब्रुवारीत छापलेल्या कागदावर पट्टी ठेवली. दोनशे चौसष्ट. कोपऱ्यातला चौकोन बरोबर दहा.

"कागद बरोबर आहे, मावशी."

"बरोबर असेल तर बूट मोठा कसा होईल?"

"जुना कागद आहे का एखादा? जुन्या कॉम्प्युटरवरचा?"

मास्तर उठले आणि खिळ्याला अडकवलेल्या गठ्ठ्यातून पोस्टमनचाच गेल्या वर्षीचा कागद काढून घेऊन आले. तिने मोजला. परत मोजला. दोनशे एकोणसाठलाही जरासा कमी. चौकोन नऊ पूर्णांक आठ.

मी टाळीच वाजवली. "बघ! जुना लहान, नवा मोठा. तुझ्या दुभाष्याने वाढवून ठेवलं!"

"मावशी, पोस्टमनचं पाऊल खरं किती आहे?"

"दोनशे चौसष्ट. मी स्वतः घेतलंय माप."

बोलून झाल्यावर मला माझंच वाक्य ऐकू आलं. मग मी घाईने म्हटलं, "हे बघ, जुना कागद लहान असता तर जुने बूटही लहान झाले असते. अकरा वर्षांत त्याचा एकही बूट लहान झालेला नाही. विचार मास्तरांना." या मुद्द्याला उत्तर नाही, अशी माझी खात्री होती.

"तेच मला कळत नाहीये," ती म्हणाली. खरंच कळत नव्हतं तिला, तोंडावरून दिसत होतं. "तू कापतेस कसं? एक कापून दाखवतेस?"

कातड्याचा तुकडा घेतला, नवा कागद ठेवला, सुरी लावली. एरवी मी रेषेकडे बघत नाही, तिच्या पुढे बघते. आज भाची, मास्तर आणि भाऊजी तिघं बघत होते म्हणून मीही सुरीकडे बघितलं. सुरी रेषेबाहेर गेली. मी थांबवली नाही. मला ती थांबवता आली नाही, असं म्हटलं तर खरं होईल. टाचेवरून वळून आली, सगळीकडे रेषेबाहेर, पुढेमागे नखभर, बाजूंना केसभर, काय सुरेख कापलं होतं.

भाचीने त्या तुकड्यावर पट्टी ठेवली. दोनशे एकोणसत्तर.

मास्तरांनी खिडकी उघडली.

मग मला आठवलं. चौदा वर्षांपूर्वी, प्रोग्राम नवा असताना, कागदाच्या कडेला टाच छापली जायची नाही, तुटायची. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, 'कागदात बसवा' असं एक बटण आहे, ते दाबा. मी दाबलं. टाच कागदात बसली, पण सगळीच आकृती जराशी लहान झाली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिले तीन जोड आखूड झाले. मग मी नखभर सोडायला लागले. बूट बसायला लागले. नखभर का सोडतेय ते विसरले, आणि पुढे कधीतरी कातड्याला श्वास लागतो असं ठरवून टाकलं. माझंच ठरवणं, आणि ते मी चौदा वर्षं इतरांना ज्ञान म्हणून सांगितलं.

नव्या यंत्रावर ते बटण कुणी दाबलेलंच नव्हतं, आणि त्या मेल्या दुभाष्याने एकच केलं. प्रोग्राम जे म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं.

२८ मार्च, शुक्रवार

कारखान्यात गेले नाही. बटण मी दाबलं, पण लहान झालंय हे त्या यंत्राने एकदा तरी सांगायला नको होतं का? चौदा वर्षं! एवढी वर्षं माणूसही तोंड बंद ठेवू शकत नाही.

३० मार्च, रविवार

भाऊजी घरी आले. फेब्रुवारीपासून दिलेले एकोणीस जोड परत मागवायचे ठरलं, यावर वाद नव्हता. वाद पुढच्यावर झाला.

"वहिनी, लोकांना सांगायचं, कॉम्प्युटर बदलला म्हणून माप हललं. यात खोटं काय आहे? कॉम्प्युटर बदललाच आहे."

यात खोटं काहीच नाही, याचाच मला संताप आला. खोटं असतं तर मी त्यांना उठवून लावलं असतं. हे असं खरं होतं, की त्याच्या आड एक माणूस आरामात उभा राहू शकतो. मी म्हटलं, "तुम्हाला कारखान्याचं नाव वाचवायचंय."

"कारखान्याचं नाव म्हणजे कोणाचं नाव वहिनी? लोक माझ्या भरवशावर येत नाहीत."

त्यांनी माझ्यासमोर बसून एकेकाला फोन केले. कॉम्प्युटर, कॉम्प्युटर, कॉम्प्युटर. सगळे म्हणत होते, हो हो, आजकाल असंच होतं. मी शेजारी बसून ऐकत होते. पोस्टमनलाही केला. मी हात पुढे करून फोन घेऊ शकले असते. नाही घेतला.

५ एप्रिल, शनिवार

अंगठा काढला. पाऊल राहिलं.

दवाखान्यात गेले, पण आत जायचं धैर्य झालं नाही, बाकावर बसले. नर्स बाहेर आली, माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "ते सारखं सांगतायत, ताईंना बोलू नका, त्यांची काही चूक नाही, मशीनच बदललं." मला वाटलं या बाकावरून उठून थेट आत जावं. उठले, आणि थेट घरी आले.

स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती. दुसऱ्याची कितीही आली तरी झोप लागते.

७ एप्रिल, सोमवार

भाचीला फोन केला. माफी मागायची सवय नाही मला. शेवटी म्हटलं, "तू सांगितलेला चौकोन मी मोजायला हवा होता. तुझं ऐकलं असतं तर हे झालंच नसतं."

ती म्हणाली, "मावशी, तू मोजला असतास तर तो दहाच आला असता. तू म्हणाली असतीस बरोबर आहे, आणि मीही म्हणाले असते बरोबर आहे. मी कागदाची चौकशी केली. तुझ्या हाताची केली नाही. मला सुचलंच नाही."

म्हणजे ती आपल्या वाट्याचा दोष शोधत बसलीय! मी चिडून म्हटलं, "तू गप्प बस. दोष माझा आहे, त्यात वाटेकरी होऊ नकोस." यावर ती रडली की हसली ते फोनवर कळलं नाही. शनिवारी येते म्हणाली, चौकोन आणि सुरी दोन्ही तपासायला.

आज पहिल्यांदा रेषेवरून कापायचा प्रयत्न केला. सहा तुकडे वाया गेले. हात बाहेर पळतो. शेवटी मास्तरांनी शिलाईयंत्र बंद केलं आणि माझ्या समोर स्टूल घेऊन बसले. सुरी बाहेर गेली की ते टेबलावर बोट वाजवायचे. सत्तावन्नाव्या वर्षी मला कापायला शिकवतायत. एरवी मी खपवून घेतलं नसतं.

२२ एप्रिल, मंगळवार

गेले. एकटी. भाऊजींना सांगितलं नाही.

पोस्टमन दुसऱ्या मजल्यावर राहतो. पाय स्टुलावर ठेवून बसला होता, पट्टी गुंडाळलेली. बायकोने पाणी दिलं. फेरी काढून घेतली म्हणाला. पुढच्या महिन्यापासून आत बसून पत्रं लावायची, गल्लीप्रमाणे. "त्या सगळ्या गल्ल्या मला पाठ आहेत, म्हणून मलाच दिलं," म्हणाला, आणि असा हसला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

मी सगळं सांगितलं. बटण, कागद, नखभर, सगळं. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर रडले असते. कॉम्प्युटर बरोबर होता, त्याने तुमचं पाऊल जेवढं होतं तेवढंच छापलं. मी जास्त कापलं. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते मी शेजारी बसून ऐकलं आणि सांगू दिलं.

बायको दारात उभी. तो म्हणाला, "मशीनवर ढकलून झालं होतं की ताई. मग कशाला आलात?"

"म्हणूनच आले."

त्याने मान हलवली. माफ केलं असं काही म्हणाला नाही, आणि मी मागितलंही नाही. मग स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, "खरं म्हणजे मला आधी दिसायला हवं होतं. दवाखान्यात शिकवलं होतं, रोज अंघोळ झाली की आरसा खाली धरून तळपाय बघायचा. दुखत नाही ना, म्हणून डोळ्यांनी बघायचं. तुमच्याकडे यायला लागलो तेव्हा बघायचो. वर्षभर बघितलं, दोन वर्षं बघितलं, काही नसायचंच. मग सोडून दिलं. म्हटलं, ताईंचा बूट आहे, त्यात काय बघायचं."

नऊ वर्षं. नऊ वर्षं या माणसाने स्वतःच्या पायाकडे बघितलं नाही, कारण बूट मी केलेला होता.

मी उठून उभी राहिले आणि ओरडले. त्याच्या घरात, त्याच्या बायकोसमोर. "अहो, कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी कोण लागून गेले? माझ्या नावावर पाय सोडून देता? चौदा वर्षं मी माझ्या हाताकडे बघितलं नाही, आणि तुम्ही तुमच्या पायाकडे! कुणीतरी बघायला नको होतं?"

बायको आत गेली, आरसा घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. तिच्या तोंडावरून वाटलं, तिला हे नऊ वर्षं म्हणायचं होतं.

"मग आता?" तो म्हणाला.

"आता रोज बघायचं. बूट कुणाचाही असू दे. आणि मी केलेला असला तर दोनदा."

मग मी पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढली, जमिनीवर बसले, आणि जखमेच्या पट्टीला धक्का न लावता त्याचं पाऊल नव्याने मापायला घेतलं.